मूळ ड्रॅगन सोबत आणावा

मी ड्रॅगन काढतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ते ठीक आहे, पण काम काय करता?" तर हेच काम. मुलांच्या पुस्तकांत जिथे म्हणून ड्रॅगन, चेटकीण, उडता घोडा किंवा तीन डोळ्यांचा बेडूक लागतो, तिथे गेली अठरा वर्षं मला बोलावतात. गोष्टी दुसऱ्यांच्या, चित्रं माझी. यंदा पहिल्यांदाच गोष्टही माझी होती. बत्तीस पानं, एक ड्रॅगन आणि एक राजपुत्र. राजपुत्र दाट केसांचा, रुंद खांद्यांचा, करारी जबड्याचा. तिसाव्या पानावर तो ड्रॅगनला लोळवतो आणि गावकरी त्याला उचलून घेऊन नाचतात. साधी, सरळ, मनाला पटणारी गोष्ट होती.

पुस्तक छपाईला निघालं आणि नेमका नियम आला. कुठल्याशा पुस्तकातल्या कोंबड्याला एका पायाला एक बोट कमी होतं. कुणा जागरूक वडिलांनी ते मोजलं, तक्रार केली, समिती बसली, आणि समिती उठली तेव्हा चित्रपडताळणी कार्यालय उघडलेलं होतं. यापुढे मुलांच्या पुस्तकातलं प्रत्येक चित्र मूळ वस्तूशी ताडून पाहायचं. जुळलं तर शिक्का, नाही तर पुस्तक रद्दीत. कोंबड्याच्या चित्रकाराचं पुढे काय झालं कोण जाणे. हल्ली तो फक्त ढग काढतो म्हणतात.

प्रकाशकबाईंचा फोन आला. "शुक्रवारपर्यंत शिक्का आणा. नाही आला तर तुमच्या बत्तीस पानांत मी भाज्यांची ओळख छापते. भाज्या बाजारात मिळतात तरी."

मी कार्यालयात गेलो. रांगेत माझ्यापुढे एक बाई बदक घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे एक गृहस्थ शिडी घेऊन. शिडीला चित्रापेक्षा एक पायरी जास्त निघाली. शिपायाने खिडकीशेजारी टांगलेली करवत काढून दिली, गृहस्थांनी पायरी कापली, शिक्का मिळाला. बदक पहिल्या झटक्यात जुळलं. मग माझा नंबर आला.

"मूळ कुठाय?" पडताळणी अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या वरच्या खिशात फूटपट्टी होती.

"ड्रॅगन नसतो, साहेब."

"कुठे नसतो?"

"कुठेच नसतो."

"मग हे काय काढलंय?"

"कल्पनेने काढलंय."

त्यांनी छापील यादीवरून बोट फिरवलं. "कल्पना यादीत नाही. मागच्या महिन्यात होती, कमी केली. असं करा, ड्रॅगन अस्तित्वात नाही असा दाखला आणा. पशुगणना विभाग, दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई फार सज्जन होत्या. "दाखला आत्ता देते," त्या म्हणाल्या. "तपासणीसाठी प्राणी आणा."

"अहो, तो नाही म्हणून तर दाखला हवाय."

"नाही, असं तुम्ही म्हणता. प्राणी बघितल्याशिवाय तो नाही हे मी कसं लिहून देणार? उद्या तो निघाला तर नोकरी माझी जाईल."

मी खाली आलो आणि जिन्यात बसून पुन्हा अर्ज वाचला. रकाना सात: चित्र कशावरून काढले?

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. मला मनातून चेहरा काढता येत नाही. समोर कुणीतरी लागतंच. आणि माझे झाडून सगळे ड्रॅगन माझ्या आत्यावरून काढलेले आहेत.

आई-वडील लवकर गेले, मला वाढवलं ते आत्याने. अजून आम्ही दोघं एकाच घरात राहतो. ती रागावली की तिच्या नाकपुड्या फुगतात, डावी भुवई वर चढते आणि मान हळूहळू पुढे येते. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ओले पाय घेऊन गेलं की हे सगळं हमखास बघायला मिळतं. नवीन पुस्तकाचं काम आलं की मी आधी पाय धुतो, मग वही घेतो आणि फरशीवर जातो. आत्याला वाटतं, पोरगं त्रेचाळीस वर्षांचं झालं तरी सुधारलं नाही.

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. चित्रांची पुस्तकं ती उघडतही नाही. अर्जात लिहिलं तर ते तिला कळणार होतं. जगात माझं म्हणावं असं एकच माणूस, आणि त्याला मी अठरा वर्षं शेपूट लावत होतो. पण दुसरीकडे माझं पहिलं पुस्तक होतं, आणि त्याच्या जागी दुधी भोपळा येणार होता. मी रकाना सातमध्ये लिहिलं: आत्या.

"हे आधी नाही का सांगायचं?" साहेब खूश झाले. "नातेवाईक चालतात. उद्या घेऊन या."

माझा सत्कार आहे असं सांगून मी तिला नेलं. तिने ठेवणीतले कपडे घातले, ठेवणीतली पर्स घेतली. साहेबांनी तिला स्टुलावर बसवलं, तिच्या गालाशेजारी माझं बारावं पान धरलं आणि फूटपट्टी काढली.

"डावी भुवई, जुळते. हनुवटी, जुळते. नाकपुड्या..." ते थांबले. "नाकपुड्या लहान आहेत."

"कुणाच्या?" आत्याने विचारलं.

"तुमच्या. चित्रात मोठ्या आहेत. पंखही दिसत नाहीत. घरी ठेवलेत का?"

"ढब्बू," आत्या मला म्हणाली, "हा माणूस काय बोलतोय?" आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"जुळल्या," साहेबांनी खूण केली. "पंख हंगामी, असा शेरा मारतो."

आत्याने त्यांच्या हातून पान ओढलं. मग टेबलावरचा सगळा गठ्ठा ओढला. चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बघायला लागली.

"ही मी?"

"हो."

"आणि आधीच्या पुस्तकांत?"

"तिथेही तूच. सगळ्यांत." मी म्हणालो. "आत्या, जिची भीती वाटते आणि भीती वाटली की जिच्याच मागे लपावंसं वाटतं, असं मला दुसरं कुणी माहीत नाही गं."

तिने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पानं उलटत राहिली. तिसाव्या पानावर थांबली. मान हळूहळू पुढे आली.

"आणि हा कोण टिकोजीराव मला लोळवतोय?"

"राजपुत्र आहे तो."

"मी याच्याकडून हरणार? याचे बूट बघ. आयुष्यात कधी फरशी पुसली नसेल याने."

"बरी आठवण केलीत," साहेब म्हणाले. "राजपुत्राचं मूळ कुठाय?"

राजपुत्राच्या रकान्यात मी फार बारीक अक्षरात लिहिलं होतं. साहेबांनी भिंग काढलं आणि मोठ्याने वाचलं. "स्वतः."

त्यांनी राजपुत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शिपायाला बोलावलं आणि त्यानेही पाहिलं. रांग पुढे झुकली. बदकसुद्धा बघत होतं. कालच्या त्या बदकवाल्या बाई दुसरं पान घेऊन पुन्हा आल्या होत्या.

"खांदे," साहेबांनी माझ्यावर फूटपट्टी लावली, "आढळले नाहीत. जबडा, आढळला नाही. केस, नाहीत. पोट, चित्रात नाही, मूळ वस्तूत आहे."

"लहानपणी होते हो केस त्याला," आत्या कळवळून म्हणाली.

"जुन्या केसांची तरतूद नाही." त्यांनी शेरा लिहिला. ड्रॅगन: खरा. राजपुत्र: काल्पनिक, मुलांची दिशाभूल करणारा, सबब वगळावा.

"वगळू नका," आत्या म्हणाली. "ढब्बू, बस इथे. आहेस तसा काढ."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि काढला. टक्कल, उतरलेले खांदे, सुटलेलं पोट, ओले पाय. असा राजपुत्र ड्रॅगनला लोळवेल हे कुणालाच पटेना. तेव्हा आता तिसाव्या पानावर ड्रॅगन त्याला कॉलरला धरून उचलतो आणि पायपुसण्यावर नेऊन ठेवतो. साहेबांना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी शिक्का मारला.

पुस्तक दणक्यात चाललंय. 'पंख हंगामी' लिहिलेला दाखला आत्याने दाराबाहेर लावलाय. शेजारी आता तिच्याशी फार जपून बोलतात.

कार्यालयाचाही व्याप वाढलाय. मुलांची पुस्तकं संपत आली, म्हणून पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाने मोबाइलवर लावलेला स्वतःचा फोटो पडताळणार आहेत. राजपुत्राच्या कामाचा दांडगा अनुभव म्हणून मला तज्ज्ञ नेमलंय. त्यामुळे मघाशी माझ्या खांद्यांवर हसलात त्याचं मला काही वाटलं नाही. तुमचाही फोटो बघितलाय मी. चाळीस फोटोंतून निवडलेला, मान जरा उजेडाकडे वळवलेली, श्वास आत धरलेला. फार छान आलाय. स्टूल तेच आहे, फूटपट्टी तीच आहे, आणि करवत खिडकीशेजारी टांगलेली असते. येताना फक्त मूळ सोबत आणा.