मांजरापेक्षा मोठं काहीतरी

सासऱ्यांच्या काखेतली गाठ मांजराच्या ओरखड्यातून आली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सासऱ्यांना तापापेक्षा अपमानानेच जास्त घाम फुटला.

जावई त्याच इस्पितळात तळमजल्यावर कामाला होता. डॉक्टरांनी कागदावर जे काही खरडलं असेल ते वाचायचं आणि आजारांच्या जाडजूड यादीतून त्याचा कोड, म्हणजे एक अक्षर आणि दोन-तीन आकडे, शोधून संगणकात भरायचा, हे त्याचं काम. सोळा वर्षांत त्याने कुणाच्या डाव्या गुडघ्याला उजवा म्हटलं नव्हतं. सासऱ्यांचा कागद खाली आला तेव्हा त्याने 'ए अठ्ठावीस टिंब एक' भरलं आणि संध्याकाळी सहज म्हणून वॉर्डात डोकावला. तिथेच फसला.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने हजारो पोरं सरळ झाली होती. घरात मांजराला बंदी, हा त्यांचा लग्नापासूनचा कायदा. आता भेटायला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना काय तोंड दाखवायचं, या चिंतेने त्यांना घेरलं होतं. त्यांनी जावयाला खुर्ची जवळ ओढायला लावली आणि आवाज उतरवून विचारलं, "जावईबापू, तुमच्या त्या यादीत मांजरापेक्षा मोठं काही नाही का?"

आजार निवडायचा नसतो, तो होतो, हे जावयाने परोपरीने सांगून पाहिलं. सासऱ्यांनी यादीतलं ते प्रकरणच मागवून घेतलं आणि प्राण्यांपासून होणारे जिवाणूंचे आजार उत्तरपत्रिका तपासावी तसे तपासले. उंदीर वाचताक्षणी नापास झाला. डुक्कर चर्चेलाच घेतलं नाही. गाईगुरं सोज्वळ होती, पण त्यात काही पराक्रम दिसेना. शेवटी चोवीस टिंब शून्यपाशी त्यांचं बोट थांबलं. घोडा.

"हे शोभतं," ते म्हणाले.

जावयाने साफ नकार दिला. मग बायकोने त्याला जिन्यात गाठलं. बाबा दोन दिवस जेवलेले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून आहेत आणि तुम्हाला एक आकडा जड झालाय, असं ती म्हणाली. घरी जाऊनही ती काय काय म्हणेल याचा अंदाज घेऊन जावयाने मधला मार्ग काढला. संगणकातल्या नोंदीला हात न लावता त्याने एक साधा कागद छापला. त्यावर सासऱ्यांचं नाव, खाली 'ए चोवीस टिंब शून्य, अश्वजन्य'. कागद उशीखालून बाहेर येणार नाही, असं वचन घेऊनच तो त्याने दिला.

वचन पहिल्या पाहुण्यापर्यंत टिकलं. त्या पाहुण्याला सांगताना घोडा नुसता शेजारून गेला होता. दुसऱ्याच्या वेळी तो उधळला. शुक्रवारपर्यंत सासऱ्यांनी लगामाला लोंबकळून शाळेची एक अख्खी बस वाचवली होती आणि शेजारच्या खाटेवरचा हर्नियावाला ती हकिकत वॉर्डभर सांगत सुटला होता.

शनिवारी सासऱ्यांचे एक शाळासोबती आले. हे निवृत्त पशुवैद्य. त्यांनी हकिकत ऐकली नाही, कागद वाचला. वाचून ते हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत. घोड्याचा हा रोग साधासुधा नसतो, कळल्याबरोबर वर कळवावा लागतो, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

सोमवारी पशुरोग खात्याच्या अधिकारी बाई हजर झाल्या. बरोबर दोन माणसं, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. वॉर्ड पाच मिनिटांत रिकामा झाला. पळणाऱ्यांत हर्नियावाला टाके विसरून सगळ्यांच्या पुढे होता. सासूबाई मात्र स्टुलावर बसून सफरचंद सोलत राहिल्या. जावयाला खालून बोलावून घेण्यात आलं.

घोडा कुठे आहे, एवढंच बाईंनी विचारलं. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवत आलेले सासरे म्हणाले, बागेपाशी. रंग विचारला, तर तपकिरी. बाईंनी फोन लावला. बागेपाशी मुलांना फेरी मारून आणणारा एक म्हातारा घोडा होता आणि दुर्दैवाने तो तपकिरीच होता. अर्ध्या तासात तो ताब्यात आल्याची वर्दी आली. त्याचा मालक रस्त्यावर बसून रडत होता.

"तपासणीत थोडी जरी शंका आली," बाई म्हणाल्या, "तरी त्याला संपवावं लागेल."

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे चादरीची शिवण पाहत होते. नोकरी गेली, असं मनाशी म्हणून जावई पुढे झाला.

"बाई, घोड्याचा काही संबंध नाही. हा कागद मी छापला. खरी नोंद खाली आहे आणि ती मांजराची आहे."

सगळे सासऱ्यांकडे वळले. ते चादरीलाच सांगू लागले. पोस्टाच्या मागच्या भिंतीवर एक मांजर बसते. आठ महिने सासरे रोज चारला, फिरायला जातो असं सांगून, तिला दूध नेऊन देत होते. त्या दिवशी तिचे कान पुसायला गेले, ते तिला आवडलं नाही.

"नाव?" बाईंनी पेन उघडून विचारलं.

"बाळी," सासरे म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

बाईंनी घोडा सोडायला सांगितलं. घोड्यासाठी एकवीस अर्ज भरावे लागतात आणि मांजरासाठी एकही नाही, या आनंदात त्यांनी कागदाची फार चौकशी केली नाही. पुन्हा कुणाच्या हौसेखातर आजार छापू नका, एवढं बजावून त्या पांढऱ्या माणसांसह निघून गेल्या.

वॉर्डात तिघंच उरले. सासूबाईंनी सफरचंदाची फोड बशीत ठेवली.

"डाव्या कानावर काळा ठिपका आहे, तीच ना?" त्यांनी विचारलं.

सासरे उठून बसले. "तुला कसं माहीत?"

"मी अकराला जाते. भाजी आणायला जाते म्हणून सांगते तेव्हा. गेल्या काही महिन्यांत ती माझं दूध अर्धं टाकायला लागली होती. मला वाटलं, आजारी आहे." मग त्यांनी सुरी खाली ठेवली, बाही वर सरकवली आणि कोपर जावयापुढे धरलं. कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती.

"चार दिवस झाले. यालाही तोच आकडा ना हो?"

जावयाने मान डोलावली आणि डॉक्टरांना बोलवायला निघाला. सासऱ्यांनी खाटेवर थोडं सरकून जागा केली.