सोनकीस दरबारी खत घातल्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष. शके सोळाशे बावन, साधारण नाम संवत्सर, कार्तिक मास. ऐकिले तैसे लिहितो, अधिकउणे वाचणाराने सोसावे. श्रीमंत गतवर्षी शिकारीस डोंगरमाथ्याचे सड्यावर गेले, शिकार काही गवसली नाही, परंतु खडकावर सोनकीची पिवळी रानफुले कोसभर फुललेली पाहून बहुत संतोष पावले आणि आज्ञा केली की, पुढील दसऱ्यास व्याही येणार, तरी ही फुले आमचे बागेत पाहिजेत. मग बहिरोपंत कारभारी, ज्यांस तुळस कोणती आणि तंबाखू कोणती हे पुसावे लागे, त्यांणी मोठी मसलत केली, सड्यावरचे बी आणविले आणि शेणखताच्या चाळीस गाड्या वाफ्यांत ओतविल्या. तेव्हा रायाजी माळी हात जोडून बोलिला, "पंत, ही खडकावरची जात. एका पावसाचे आयुष्य, मूठभर मातीत काढिते. पोट भरले की फुलायची नाही." पंत कडाडले, "अरे गाढवा! राजाचे घरी येऊन उपाशी राहावे? लौकिक काय राहील? दसऱ्यास फूल न दिसले तर बाग सोडणे, आणि विहिरीवरचे खोपटही." त्या खोपटात रायाजीचे तीन पिढ्यांचे बिऱ्हाड. वाफ्यांत पेरून उरले बी त्याणे कोणास न सांगता पडक्या बुरुजाचे दगडांत फेकिले.

पुढे वाफ्यांतली सोनकी खाऊनपिऊन कमरेइतकी माजली, पानेच पाने, कळी म्हणाल तर शपथेस नाही. भाद्रपदी मोठी सर आली आणि अवघी चिखलात आडवी जाहली. दसऱ्यास व्याही आले, वाफे पाहून मिशीत हसले, श्रीमंतांनी मान खाली घातली, आणि रायाजी खोपटात जाऊन बोचके बांधू लागला. इतक्यात व्याह्यांची नजर बुरुजावर गेली. अहाहा! दगड दिसेना, ऐसा पिवळाधमक जाहला होता. "वाहवा! हे कोणी केले?" ऐसे पुसताच पंत पुढे सरसावले आणि वदले, "या सेवकाने." पंतांस शेला आणि पालखी जाहली. रायाजीस खोपट राहिले, तेही पंतांचे मेहेरबानीने, ऐसे पंतच सांगतात. आणि त्याच सभेत हुकूम जाहला की, बुरुजाने उपाशीपोटी इतके केले, तरी पुढील साली त्यास ऐंशी गाड्या खत घालावे. रायाजी या खेपेस "जी सरकार" इतकेच बोलिला, आणि बुरुजावर जाऊन पिकले बी धोतराचे सोग्यात बांधू लागला. दुसरा पडका बुरुज त्याणे पाहून ठेविला होता.

येणेप्रमाणे वर्तले. सोनकीस खत मानवले नाही, पंतांस मानवले. इतके पुरे.