क्लेओबांतस गौरव मंडळाचा ग्रंथोद्धार

आमच्या फ्लोरेन्स शहरात प्राचीन तत्त्ववेत्त्यांविषयी आदर नसलेला माणूस सापडणं कठीण. त्यांचं नाव घेताना आम्ही टोपी काढतो, आणि नावं पुष्कळ असल्यामुळे हिवाळ्यात सर्दीही पुष्कळ असते. अशा शहरात क्लेओबांतससारखा महापुरुष उपेक्षित राहावा, हे शहरातले थोर विद्वान मेसेर सिनिबाल्दो यांना सहन होत नसे. त्याच्या एकमेव ग्रंथाची एकमेव प्रत डोंगरातल्या एका मठात पडून आहे, असं कळताच ते खेचरावर बसून निघाले. त्यांचा लेखनिक म्हणून दुसऱ्या खेचरावर मी होतो.

ग्रंथ मठाच्या स्वयंपाकघरात, सुक्या चेस्टनटच्या पोत्याशेजारी सापडला. कडांना तेलाचे डाग होते, कोपऱ्यांवर बोटांचे ठसे होते. मेसेर सिनिबाल्दो यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हजार वर्षं याला कुणी हात लावला नाही!" ते म्हणाले.

"मी लावतो की रोज," हातातली पळी खाली न ठेवता स्वयंपाकी साधू फ्रा दोनिनो म्हणाला. "दुपारची जेवणं उरकली की एक पान वाचतो. आमचा म्हातारा फ्रा इझाक्को आंधळा झालाय, त्याला ऐकवतो. एकोणीस पानं राहिलीत आता."

याची दखल घेण्याचं कारण नव्हतं. उपेक्षा म्हणजे विद्वानांनी केलेली उपेक्षा. स्वयंपाक्याने वाचणं हा तिचाच जरा गंभीर प्रकार होय. मठाधिपतींनी ग्रंथ आनंदाने दिला. फ्रा दोनिनो फाटकापर्यंत आमच्या मागे आला.

"तुमचं वाचून झालं की धाडा हं, मेसेर. म्हातारा सारखा विचारतो, पुढं काय, पुढं काय."

"अगदी अवश्य!" मेसेर सिनिबाल्दो म्हणाले. त्यांनी तो ग्रंथ अजूनही वाचलेला नसल्यामुळे, शब्द मोडल्याचा ठपका त्यांच्यावर आजही ठेवता येत नाही.

शहरात परतल्यावर एकवीस सभासदांचं क्लेओबांतस गौरव मंडळ स्थापन झालं आणि मी त्याचा चिटणीस झालो. पहिल्या बैठकीत ग्रंथ मखमलीच्या गादीवर ठेवण्यात आला. दुसऱ्या बैठकीत असं निदर्शनास आलं की ग्रंथ उघडल्याने शिवण सैल होते. सबब तो पेटीत ठेवून पेटीला तीन कुलपं लावली. किल्ल्या तिघांकडे दिल्या आणि तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडू नये, असा नियम केला. त्यातले दोघं क्लेओबांतसच्या जन्मगावावरून एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे ग्रंथ पूर्ण सुरक्षित झाला.

शरदात फ्रा दोनिनो चालत आला. पाठीवर चेस्टनटची टोपली होती.

"इथंच कोपऱ्यात बसतो," तो म्हणाला. "एकोणीस पानं पाठ करतो नि जातो. म्हातारा आता खाटेवरून उठत नाही हो."

"बाबा, तुमची तळमळ कळते," मेसेर सिनिबाल्दो म्हणाले. "पण वाचायचं तर आधी आदर सिद्ध करावा लागतो. लॅटिनमध्ये गौरवपर भाषण करा, मग बघू."

"भाषण कशाला? मला फक्त पुढं काय ते हवंय."

"बघा! म्हणजे आदर नाहीच, नुसती उत्सुकता."

"तुमचं वाचून झालं का, मेसेर?"

"माझं? अहो, मी अजून त्याच्याविषयी बोलतोच आहे!"

मी त्याचा अर्ज विचारार्थ ठेवून घेतला. चेस्टनटही ठेवून घेतले.

ईस्टरपूर्वीच्या उपासात पोपच्या दरबारातले एक कार्डिनल शहरात येणार असल्याचं कळलं. त्यांच्यापुढे मेसेर सिनिबाल्दो यांनी 'उपेक्षित ग्रंथांची हाक' या विषयावर भाषण करावं आणि त्याची सुंदर प्रत त्यांना दाखवावी, असं ठरलं. पण प्रत लिहायची कशावर? कागद हा प्राचीनांचा अपमान. आणि ईस्टर येईपर्यंत कोकरं कापत नाहीत, त्यामुळे बाजारात कोकराच्या कातड्याचं नवं चर्मपत्र नव्हतं.

"नवं हवंय कुणाला?" मेसेर सिनिबाल्दो म्हणाले. "प्राचीनाची स्तुती प्राचीन चामड्यावरच शोभते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं प्राचीन चामडं शहरात एकाच ठिकाणी होतं. ते अबोला धरलेले दोघं त्या दिवशी हातात हात घालून किल्ल्या घेऊन आले. त्यांना तसं पाहून पुष्कळांना गहिवरून आलं.

खरवडण्याचं काम माझ्याकडे होतं. दुधात भिजवून टाचा घासायच्या खरखरीत दगडाने मी पान न् पान घासलं. अक्षर सुबक होतं, निघायला चार दिवस लागले. वाचत बसलो असतो तर काम मुदतीत झालं नसतं.

भाषण अपूर्व झालं. 'अशा शब्दांना मूठमाती देणारे ते करंटे कोण?' या वाक्याला कार्डिनलांनी डोळे पुसले. त्या आनंदात प्रलंबित अर्जही मंजूर झाला आणि ईस्टरनंतर फ्रा दोनिनोला बोलावणं गेलं.

तो आला, हात धुतले, झग्याला पुसले. तेलाचे डाग निघाले नव्हते, त्यावरून त्याने आपलं पान बरोबर काढलं. बोट ठेवून दोन ओळी वाचल्या.

"हे तर तुमचंच आहे, मेसेर."

"आवडलं?"

"आणि ते कुठं गेलं?" तो एकेका सभासदाकडे बघत गेला, शेवटी माझ्याकडे. "तुमच्यापैकी कुणीतरी वाचलं असेल की. पुढं काय होतं तेवढं सांगा. म्हाताऱ्याला काय सांगू मी?"

"सांगा," मेसेर सिनिबाल्दो टोपी काढून म्हणाले, "फार थोर होतं."

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतिवृत्तात याची नोंद नाही.

आपण इथपर्यंत हळहळत आलात, याबद्दल मंडळ आभारी आहे. फ्रा दोनिनो निदान पुढं काय, असं विचारत होता. त्याने वाचून झालेल्या पानांत काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि आपल्यालाही सुचलेलं दिसत नाही. किल्ल्या सांभाळणाऱ्या त्या दोघांचं जन्मगावावरून पुन्हा बिनसून दोघंही बाहेर पडल्यामुळे मंडळात दोन जागा रिकाम्या आहेत. आपण अर्ज करावा.