जेवणाची घंटा

पुंता कानेलाच्या किनाऱ्यावर माझ्याइतका मुरलेला परदेशी शोधून सापडायचा नाही. गलबतातून उतरलो तेव्हा मी हेन्रिक होतो. गावाने मला दॉन एन्रीके करून टाकलं. हिरवी मिरची चावताना डोळ्यांत टिपूस न आणणारा डॅनिश माणूस तुम्ही पाहिलाय? मीही नाही पाहिला, पण ते सोडा!

समोरच्या घरात दोन्या तेन्चा, म्हणजे तेन्चाबाई, राहतात. विधवा, सुगरण, आणि नजर अशी की कढईतला मासा आपण होऊन कूस बदलेल. मी जेवायला बोलावलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू." या खेपेला मात्र त्या म्हणाल्या, "रविवारी येते. तयार झालं की हाक मारा. आणि बेत फसला तर पुन्हा विचारायचं नाही."

हाक काय, कोणीही मारतो. मी गलबतावरची पितळी घंटा लिंबाने घासून दारावर टांगली. निखाऱ्यावर पार्गो मासा खरपूस भाजला, टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलं, आणि घंटा अशी हाणली की समुद्रावरचे पेलिकन रांग मोडून पळाले.

गल्लीतली सगळी दारं धाडकन उघडली. बेतो न्हावी अर्धी दाढी सोडून धावला. मागून गिऱ्हाईकही, फेसासकट. प्रत्येकाच्या हातात पिशवी! मला अगदी भरून आलं. माझ्याकडे पंगत म्हणून घरटी एकेक पदार्थ आणलाय बिचाऱ्यांनी! "या, टेबलावरच ठेवा," मी म्हणालो.

बेतोने पिशवी माशाशेजारी ठेवली. आत कोळंबीची सालं होती. मंगळवारची.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे कचऱ्याची गाडी घंटा वाजवत येते. ती बिघडून आठवडाभर फिरकली नव्हती, आणि त्या उकाड्यात अख्खी गल्ली कान टवकारून बसली होती.

"गाडी कुठाय?" बेतोने विचारलं.

"गाडी नाही. जेवण आहे. पिशव्या परत न्या."

"छे हो! बाहेर काढलेला कचरा घरात नेला तर बायको मलाच बाहेर ठेवील."

सगळे दारातच पिशव्या टाकून आपापल्या घरी गेले. ढीग खिडकीला टेकला, दार अडलं, आणि मी माशासकट आत कोंडला गेलो. तेवढ्यात, दुरुस्त होऊन, खरी गाडी घंटा बडवत आली! एक दार उघडेल तर शपथ. "तो गोराच पुन्हा जेवायला बोलावतोय," कोणीतरी म्हणालं. गाडी निघून गेली.

मग दोन्या तेन्चा आल्या. निळा झगा, केसांत फूल. ढिगावरून त्यांनी आत डोकावून टेबल पाहिलं, माश्या पाहिल्या, मला पाहिलं.

"वास बाहेरचा आहे," मी म्हणालो.

"असेल," त्या म्हणाल्या. घरी जाऊन आपलीही पिशवी घेऊन आल्या आणि ढिगावर अलगद ठेवून गेल्या.

आता गाडी माझ्याच दाराशी थांबते. गाडीवाला म्हणतो, तुमची घंटा लांब ऐकू जाते, तुम्हीच वाजवत चला. मी वाजवतो. आणि दोन्या तेन्चा न चुकता येतात हो! फूल माळून, अगदी माझ्यासमोर उभ्या राहून स्वतःच्या हाताने पिशवी देतात. दुसऱ्या हाताने नाक दाबलेलं असतं.

ते पिशवीमुळेच, असं मी धरून चालतो. अंघोळ मात्र हल्ली दोनदा करतो.