कलम सात आणि ढगावरचं मांजर

"आजपासून करार मी लिहिणार!" चित्रकारसाहेबांनी घरात जाहीर केलं. "लोकांच्या कागदांवर न वाचता सह्या ठोकायचे दिवस संपले!"

"ज्याला वाचायचा कंटाळा, तो लिहिणार," खिडकीशी शिवत बसलेली बायको म्हणाली.

सातासमुद्रापलीकडच्या एका प्रकाशकबाईंनी त्याला मुलांच्या पुस्तकाचं काम दिलं होतं. ढगावर राहणाऱ्या मांजराची गोष्ट, बारा चित्रं! असं पुस्तक करायचं स्वप्न तो मिसरूड फुटल्यापासून पाहत होता. मॉडेलही घरातच होतं, कागदांच्या खणात पसरलेलं त्यांचं मांजर. त्याची शंभरेक रेखाटनं तयार होती.

पण करार लिहितात कसा? घरात नमुना एकच, राहत्या जागेचा भाडेकरार. त्याने घरमालकाच्या जागी 'चित्रकार' घातलं, भाडेकरूच्या जागी 'प्रकाशक'. बाकीची कलमं बदलणार, तेवढ्यात खिडकीत एक गुबगुबीत ढग आला. त्याला पाठ होती, शेपटी होती, एक कानसुद्धा होता! तो विरेपर्यंत साहेब बघत राहिले आणि मग समाधानाने करार पाठवून मोकळे झाले.

चार दिवसांनी बाईंचं उत्तर आलं.

"करारावर सही केली आहे. अटी वेगळ्या वाटल्या, पण कलावंताच्या श्रद्धेत आम्ही ढवळाढवळ करत नाही. कलम पाचप्रमाणे कचेरीच्या भिंतींतले सगळे खिळे उपटले. कलम सातप्रमाणे पाळीव प्राणी चालणार नाहीत, म्हणून लेखिकेची समजूत घालून पुस्तकातलं मांजर काढलं. आता ढगावर छत्री राहील."

"छत्री!" साहेब मटकन खाली बसले. "अगं, छत्रीला मिशा असतात का? ती कूस बदलते का?"

बायकोने करार वाचला आणि कपाळाला हात लावला. "फोन करा, खरं सांगून टाका."

"म्हणजे मला काही कळत नाही, हे कबूल करू?"

"नाहीतर बारा छत्र्या काढा."

छत्रीपेक्षा अब्रू गेलेली परवडली! त्याने व्हिडिओ कॉल लावला. बाईंच्या मागे उघडीबोडकी भिंत होती आणि तसबिरी जमिनीवर मांडलेल्या. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे आमचं कुत्रं बहिणीकडून परत आणलं तरी चालेल?" बाईंनी हळूच विचारलं. "बिचारं तीन दिवस जेवलेलं नाही हो."

त्याला इतकं वाईट वाटलं, की त्याने कुत्र्याचीसुद्धा माफी मागितली. बाई डोळे पुसून हसल्या. मांजर पुस्तकात परत आलं! "करार मात्र या वेळी मी पाठवते," त्या म्हणाल्या.

करार आला आणि साहेबांनी आनंदाच्या भरात तिथल्या तिथे सही करून परत पाठवला.

"वाचलात?" बायकोने विचारलं.

"मांजर आहे ना त्यात? झालं तर!"

तिने वाचला. "आहे की. 'बाराही चित्रांत मांजर टक्क जागं आणि उड्या मारणारं हवं.'"

दोघांनी खणाकडे पाहिलं. या घरात आल्यापासून ते मांजर जागं असलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शंभरच्या शंभर रेखाटनं झोपेतलीच होती!

साहेबांनी खुर्ची ओढली, पेन्सिलीला टोक केलं आणि खणासमोर ठाण मांडलं. कधीतरी उठेलच की!

दुपारी बायको डोकावली, तेव्हा मांजर टेबलावर चढून पेन्सिलीशी झटापट करत होतं आणि साहेब घोरत होते.