माझ्या सेटमध्ये माणूस नाही

नव्या वस्तूवर मत द्यावं तर अनुस्वारनेच, याबद्दल खुद्द अनुस्वारच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकीचे लोक काय करतात? म्युझिक प्लेअर हातात घेतात, एक गाणं लावतात, मान डोलावतात आणि "मस्त आहे" म्हणून मोकळे होतात. असलं वरवरचं काम त्याला खपत नसे. खोक्यावर जे छापलंय ते खरं आहे का, हे शब्दन् शब्द ताडून पाहिल्याशिवाय तो मत देत नसे. तो एका साप्ताहिकात प्रूफरीडर होता. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरावर बारीक ठिपके देऊन देऊन त्याचं नावच अनुस्वार पडलं होतं. खरं नाव हजेरीपटावर होतं, म्हणजे असावं.

नव्या वस्तूंचं सदर मात्र त्याच्याकडे या हुशारीमुळे आलं नव्हतं. संपादक म्हणाले होते, "हे बघा, गाणी ऐकायला घरात शांतता लागते. माझ्याकडे तीन मुलं आणि सासूबाई. तुमच्याकडे कोण?"

"माझ्याकडे कोणी नाही."

"तेच म्हणतोय मी. उत्तम सोय आहे तुमची."

सोय उत्तमच होती. दोन खोल्या, एक खाट, एक स्टोव्ह आणि चार भिंती. भिंतींशी तो बोलत नसे, उगाच सवय लागायला नको म्हणून.

या वेळी चौकातल्या मोठ्या दुकानातून तीन नवे प्लेअर आठवडाभरासाठी आले. पहिला इतका पातळ, की खिशात आहे की पडला हे दर पाच मिनिटांनी चाचपावं लागायचं, गाण्याकडे लक्ष कसलं राहतंय! दुसरा गोल. तो टेबलावरून घरंगळत खाटेखाली गेला आणि अर्धा तास तिथूनच गात राहिला. तिसरा जाडजूड, शहाण्यासारखा एका जागी बसणारा. त्यात आवाजही रेकॉर्ड होत असे. खोक्यावर छापलं होतं, 'एका चार्जमध्ये सलग चौदा तास रेकॉर्डिंग.' अनुस्वारने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. बघतोच, म्हणाला.

रविवारी सकाळी सहाला त्याने यंत्र चालू केलं. लगेच अडचण आली. मिनिटभर आवाज झाला नाही की यंत्र आपलं आपण बंद पडायचं. म्हणजे चौदा तास कोणीतरी बोलत राहायला हवं, आणि घरात कोणीतरी म्हणण्यासारखा एकच माणूस होता.

त्याने आधी यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचून काढलं, शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट. सातला ते संपलं. मग पातळ आणि गोल प्लेअरवरची मतं सांगितली. मग अंडं उकडायला ठेवलं आणि त्याचं धावतं वर्णन केलं. "पाणी हलायला लागलंय. अंडं अजून गप्प आहे. आता थोडं डाव्या बाजूला सरकलं." असं करत करत दुपारचे बारा वाजले आणि सांगण्यासारखं स्वतःखेरीज काही उरलं नाही.

मग तो स्वतःबद्दल बोलला. पहिल्यांदा अडखळत, नंतर सुसाट. आपण कपडे वाळत घालताना दोन शर्टांमध्ये जागा का सोडतो, घरी आल्यावर दिवा लावायच्या आधी क्षणभर का थांबतो, सगळं सांगितलं. त्याला ते फार आवडलं. मध्ये एकदा डोळे भरून आले, तेही त्याने यंत्राला सांगून टाकलं.

आणि मग बाईंबद्दल बोलला. बाई म्हणजे साप्ताहिकाच्या जाहिरात विभागातल्या. रोज चार वाजता त्या जाहिरातींची प्रुफं न्यायला त्याच्या टेबलापाशी यायच्या आणि विचारायच्या, "झालं का?" तो म्हणायचा, "झालं." सहा वर्षांत या संभाषणात एका शब्दाची भर पडली नव्हती. त्याने टेबलाजवळची एक खुर्ची रोज साडेतीनला रिकामी करून ठेवायची, त्यांनी उभ्या उभ्या निघून जायचं. 'बसा' म्हणायचं त्याच्या ओठांवर येई आणि तिथेच बसे. हे सगळं तो यंत्रापाशी बोलला. अर्थात पेपरात मुरलेला सावध माणूस, नाव-गाव, विभाग, वेळ, काहीही सांगितलं नाही.

संध्याकाळी पाचला बॅटरी संपली. चौदा नव्हे, अकरा तास! अनुस्वारला इतका आनंद झाला की त्याने खोक्यावरचा 'चौदा' खोडून शेजारी 'अकरा' लिहिलं, प्रूफरीडर करतात तशी खूण केली, आणि हाताशी पेन्सिल होतीच म्हणून शुद्धलेखनाच्या आणखी तीन चुका दुरुस्त केल्या. सोमवारी दुकानाचा माणूस आला तेव्हा ते तपासलेलं खोकं त्याने अभिमानाने त्याच्या हाती ठेवलं. खोक्यावरची प्रत्येक चूक त्याने काढली होती. आतलं रेकॉर्डिंग तेवढं पुसायचं राहिलं होतं.

बुधवारी ताईचा फोन आला. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर बुधवारी न चुकता फोन करायची.

"अरे, इस्त्री घ्यायला गेले होते त्या चौकातल्या दुकानात. तिथे काउंटरवर एक नवं यंत्र ठेवलंय. गाणी लागतात आणि मध्येच एक माणूस बोलतो."

"काय बोलतो?"

"काही नाही रे, घरगुतीच. अंडं उकडत होता. पण सांगत इतकं छान होता, की ते अंडं होईपर्यंत मी उभ्याने ऐकलं. आवाज अगदी आपल्या बाबांसारखा."

"बाबांसारखा?"

"हो, तसाच भरदार. तू गेलास आईवर. तोंडातल्या तोंडात."

फोन ठेवल्यावर त्याने हिशेब मांडला. माहितीपुस्तकात लिहिलं होतं त्याप्रमाणे यंत्राने अकरा तासांचे दहा-दहा मिनिटांचे सहासष्ट तुकडे करून गाण्यांत मिसळून ठेवले होते, आणि कधी कोणता लागेल याचा नेम नव्हता. त्यांतल्या एका तुकड्यात बाई होत्या. आणि बाई जाहिरातीसाठी आठवड्यातून एकदा त्या दुकानात जायच्याच. त्यांनी तो तुकडा ऐकला, आवाज ओळखला, तर? त्या प्रुफं न्यायला दुसऱ्या कोणाला पाठवतील. मग रोजचं 'झालं का' आणि 'झालं' हेही जाईल. ते गेलं तर दिवसाचं बोलणं म्हणण्यासारखं त्याच्याकडे काहीच उरत नव्हतं.

त्याने आवाजच लपवायचं ठरवलं. गुरुवारी तो गळ्यात मफलर गुंडाळून ऑफिसात गेला. घसा बसलाय, बोलता येत नाही, अशी चिठ्ठी लिहून खिशात तयार ठेवली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. चिठ्ठी दाखवायची वेळच आली नाही, कारण कोणी काही विचारलंच नाही. चार वाजता बाईंनी "झालं का?" विचारलं, त्याने मान हलवली, त्या प्रुफं घेऊन गेल्या. दोन दिवस हा माणूस एक अक्षर बोललेला नाही, हे ऑफिसात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मफलर मात्र संपादकांनी पाहिला. "नवीन घेतला?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले.

शनिवारी तो तुकडा पुसून टाकायला तो दुकानात गेला, तर काउंटरपासून दारापर्यंत रांग! दुकानदाराने प्रत्येकाला दोन मिनिटं असा नियम केला होता. रांगेत मतांना ऊत आला होता.

"गाणी ठीक आहेत, पण माणूस जास्त चांगला."

"मला काल माणूस लागलाच नाही. नुसती गाणी. दोन मिनिटं फुकट गेली."

"बॅटरीबद्दल काय म्हणतो तो?"

"तो काही म्हणत नाही. पण खोक्यावर कोणीतरी हाताने अकरा तास लिहिलंय."

इतक्यात एक गृहस्थ खोकं घेऊन तावातावाने आत आले. "हा सेट परत घ्या. माझ्या सेटमध्ये माणूस नाही."

दुकानदाराचा चेहरा बघवत नव्हता. "साहेब, आज तुम्ही सहावे. माणूस कुठल्याच सेटबरोबर येत नाही."

"मग काउंटरवरच्यात कसा आहे? घरी सासूबाई दोन दिवस कानाला लावून बसल्यात. माणूस कधी बोलेल म्हणून विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

"मी कंपनीला फोन केला होता. ते म्हणाले, असा माणूस आम्ही बसवलेलाच नाही."

अनुस्वारची पाळी आली. गाणं लागलं. तो घाईघाईने बटणं दाबायला लागला, तशी मागची मंडळी ओरडली, "अहो, ढकलू नका त्याला. आपोआप येऊ द्या माणसाला." दोन मिनिटं संपली. तो पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला. दुसऱ्या खेपेलाही गाणंच. तिसऱ्या खेपेला कानात कोणीतरी खाकरलं आणि म्हणालं, "रविवारी संध्याकाळी मला वाटतं, कोणीतरी दार वाजवावं. चुकून वाजवलं तरी चालेल. पत्ता विचारायला आलात तरी मी सांगेन, वाट दाखवायला कोपऱ्यापर्यंतही येईन."

अनुस्वार ऐकतच राहिला. आवाज खरोखरच चांगला होता. हा कोण बिचारा, एकदा याच्याकडे जायला हवं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मग हा कोण ते आठवलं. पुसायचं राहूनच गेलं. दोन मिनिटं संपल्याचं सांगायला दुकानदार आला.

"मला आणखी एक मिनिट मिळेल का?" अनुस्वार मफलर खाली ओढून स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाला. सबंध रांगेने ते ऐकलं. कोणाची मान वळली नाही.

"नियम सगळ्यांना सारखा," दुकानदार म्हणाला.

घरी येताना त्याच्या लक्षात आलं की आपली भीती पार गेलीय आणि जिथे ती होती तिथे दुखतंय. चार दिवस तो ओळखू येऊ नये म्हणून धडपडत होता, आणि त्याला ओळखण्याचा धोका कोणाकडूनच नव्हता. आता त्याला वाटायला लागलं की बाईंनी तो तुकडा ऐकावा. दुसऱ्या कोणी नाही ओळखलं तरी चालेल, त्यांनी ओळखावं.

सोमवारी चारला बाई आल्या आणि त्याच्या टेबलाजवळच्या खुर्चीत चक्क बसल्या.

"हुश्श. पाय मोडले. दुपारी त्या दुकानात गेले होते, पाऊण तास रांगेत. तुमच्याकडे खुर्ची बरी रिकामी असते नेहमी. बाकी ऑफिसात सगळीकडे गठ्ठे."

सहा वर्षांनी त्या बसल्या होत्या आणि चपलेतून एक पाय काढून तो दाबत होत्या.

"तुम्ही ऐकलंत का हो त्या माणसाला? गाण्यांच्या मध्ये बोलतो तो?"

"ऐकलं थोडंसं."

"मला आज काय लागलं सांगू? त्याच्या मनात कोणीतरी बाई आहे. त्याच्याकडे येते, उभ्या उभ्या जाते. हा म्हणे तिच्यासाठी जागा करून ठेवतो आणि बसा म्हणायचं धाडस होत नाही. अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागचा माणूस म्हणाला, वेळ संपली, तरी मी सोडेना."

"मग?" अनुस्वारने विचारलं.

"मग काय! मला त्या बाईचाच राग आला. इतकं कोणीतरी आपल्यासाठी मनात धरून बसलंय आणि हिला पत्ता नाही. डोळे असतात की काय असतं असल्यांना?" त्या पुन्हा पाय दाबायला लागल्या. "तुम्हाला नाही कळायचं म्हणा. तुम्ही एकटे, पण सुखी दिसता. मी घरी जाते ना, तर रेडिओ लावून ठेवते, घरात आवाज हवा म्हणून."

आता नाही तर कधीच नाही, हे अनुस्वारला स्पष्ट दिसलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली. "बाई, तो माणूस मी आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग फार मायेने हसल्या.

"तुम्ही पाचवे."

"म्हणजे?"

"दुकानदार सांगत होता. चार जण येऊन गेले, तो मीच म्हणून. एक निवृत्त मास्तर होते, एक दातांचे डॉक्टर. सगळे अगदी शपथेवर सांगत होते. शेवटी वैतागून त्याने माझ्यासमोर सगळं पुसून टाकलं." त्यांनी पाय चपलेत घातला आणि उठल्या. "वाईट वाटून घेऊ नका. ऐकल्यावर मलासुद्धा वाटलं, हे माझंच बोलतोय."

त्याने प्रुफं त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवून हसू आलं.

"गंमत बघा, तो मीच म्हणणारे पाच झाले. ती बाई मीच, म्हणून सांगायला मात्र एकही आली नाही."

"येईल," अनुस्वार म्हणाला.

"छे हो. असल्या बायकांना कधी काही कळत नाही," बाई म्हणाल्या, आणि प्रुफं घेऊन गेल्या.