कोंबड्याला विचारलंस काय?

आमचे शेजारी भाऊ शिवगण जास्वंदीला विचारल्याशिवाय तिचं फूल तोडत नाहीत, आणि ती नाही म्हणाली तर त्या दिवशी त्यांचे देव बिनफुलाचे बसतात. विचारायची पद्धत सोपी आहे. सकाळी आंघोळ झाली की भाऊ पंचा नेसून झाडासमोर उभे राहतात, "घेऊ काय गो एक?" म्हणतात आणि फुलाला दोन बोटांनी हलकेच ओढ देतात. देठ सहज निघाला तर हो. जरा जरी अडला तर नाही. मग "बरं, ऱ्हायलं" म्हणून ते आत जातात. आमच्या मिरजोळ्यात नवीन आलेला माणूस हे पाहून हसतो. मग भाऊ त्याला समजावून सांगायला लागतात आणि त्याचं हसू मावळतं, कारण त्याला कामाला जायचं असतं आणि भाऊ सोडत नाहीत.

भाऊ कोर्टात बेलिफ होते. उभा जन्म लोकांना न विचारता त्यांच्या दारावर नोटिसा चिकटवण्यात गेला, त्याचंच हे प्रायश्चित्त असावं असा आमच्या वाडीचा तर्क. नोकरी सुटली, पण कोर्टाची भाषा सुटली नाही. ज्याच्यावर बेतणार त्याला न विचारता काही ठरवलं, की भाऊंच्या मते तो 'एकतर्फी निकाल'. रस्त्यासाठी वडाची फांदी छाटली, एकतर्फी निकाल. मी दूध चोरणारं मांजर पिशवीत घालून पार खालच्या वाडीत सोडून आले, तोही एकतर्फी. भाऊ जाऊन त्याला परत घेऊन आले. ते आता माझ्याकडेच जेवतं.

डास मात्र ते बिनदिक्कत मारतात. एकदा मी त्यांना रंगेहाथ पकडलं, तर शांतपणे म्हणाले, "त्यानं मला विचारलंन काय?"

आणि मासे? बांगडा भाऊ असा खातात की मांजराला काही उरत नाही. त्यावरूनही मी त्यांना छेडून पाहिलं आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं. खाणं वेगळं आणि मिरवणं वेगळं. खाल्लेला जीव अंगी लागतो, मिरवलेला नुसता वाया जातो. हा मुद्दा मी पुष्कळदा उलटसुलट करून बघितला. तो दोन-चार ठिकाणी गळतो, पण भाऊंसमोर बसलं की नेमकं कुठे ते आठवत नाही.

गेल्या वर्षी मी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं. त्याआधी कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरात भुवया कोरत होते. आरसा लागला, खुर्ची आली, पाटी लागली, आणि मग बरेच दिवस नुसत्या शाळकरी मुली केस कापून घ्यायला येत राहिल्या. अशात एक नवरी आली. प्रियांका तिचं नाव, माहेर गुहागरकडचं, लग्न इथल्या हॉलमध्ये. पार्लरवाल्या बाईला पहिली नवरी म्हणजे काय, ते दुसरी पार्लरवालीच जाणे. ती नीट सजली तर हॉलमधल्या साऱ्या बायका विचारतात, कोणाकडे केलंस गो? ती बिघडली तरी हेच विचारतात.

प्रियांकाला हळदीला केसांत पिसं हवी होती. मोबाईलवर फोटोच दाखवला तिनं. लांब, निमुळती, तांबूस-तपकिरी पिसं बटांमध्ये बारीक मण्यानं अडकवलेली, मान वळवली की चमकणारी. पार्लरचं सामान पुरवणाऱ्या मुंबईच्या माणसाकडे मी चौकशी केली आणि त्यानं नमुन्याला चार पिसं पाठवली. इतकी सुंदर, की मी ती खिडकीत उजेडाला धरून बघत बसले. नेमके तेव्हाच भाऊ पेपर परत द्यायला आले.

"कोंबड्याचं दिसतंय," ते म्हणाले. "कोंबड्याला विचारलंस काय?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, भाऊ, तिच्या हळदीला मटण-कोंबडी सगळं आहे, त्यातल्या कोंबड्याला कुठे कोण विचारतंय? भाऊ म्हणाले, त्याला निदान खातात. गावच्या देवाला राखणीचा कोंबडा देताना आपण गाऱ्हाणं घालतो, का देतोय ते मोठ्यानं सांगतो, मग सगळी वाडी जेवते. ह्या पिसाच्या कोंबड्याचं पुढे काय झालं, ते विचार.

मी खरंच फोन लावला. मुंबईचा माणूस अभिमानानं सांगायला लागला, की हे कोंबडे खास पिसांसाठीच पाळतात, पिसं पुरती वाढली की मारतात. मी विचारलं, आणि मग कोंबड्याचं? तो म्हणाला, टाकून देत असतील, ते कोण खातंय.

फोन स्पीकरवर होता. भाऊ स्टुलावर बसले. "खात पण नाय?" एवढंच ते बोलले. खरं सांगायचं तर मलाही ती पिसं पुन्हा हातात घ्यावीशी वाटेनात.

मग मी तोडगा काढला. नकली पिसं मागवली. पाकिटावर पळणारा हसरा कोंबडा होता. मी ते विजयी मुद्रेनं भाऊंपुढे ठेवलं. भाऊंनी एक पीस काढलं, आगपेटीची काडी ओढली. पीस आकसलं, त्याचा काळा गोळा झाला आणि खोलीभर जळक्या बादलीचा वास सुटला.

"प्लास्टिक हाय," भाऊ म्हणाले. "हळद झाली की ही पिसं कुठं जाणार? गटारात, तिथनं खाडीत, तिथनं माशाच्या पोटात. आणि मासा खातो कोण? मी. मला विचारलंस काय?"

मी वैतागले. खरं चालत नाही, खोटं चालत नाही, मग काय नवरीच्या केसांत वाळका पेंढा खोचू? भाऊ उठून गेले. हळद दोन दिवसांवर आली होती. प्रियांकाला फोन करून मी सगळं खरं सांगितलं, कोंबड्यापासून माशापर्यंत. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, पिसं नसतील तर मी शहरात दुसरीकडे बघू काय?" मी तिच्याकडे उद्यापर्यंतची मुदत मागितली. का मागितली, ते माझं मलाच कळलं नाही. मनातल्या मनात मी भाऊंना आणि त्यांच्या जास्वंदीला पोटभर शिव्या घातल्या.

त्या दुपारी भाऊंच्या घरातून शिवणयंत्राचा आवाज आला. भाऊंची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून ते यंत्र झाकलेलंच होतं. काकू कपडे शिवायच्या, आणि गणपतीत आमच्या जाखडी नाचाच्या मंडळाचे फेट्यावरचे तुरेही त्याच करायच्या. कापडाची तिरपी पट्टी कापायची, मधोमध बारीक तारेवर टीप मारायची, मग दोन्ही कडांचे धागे एकेक करून ओढून काढायचे आणि तांदळाच्या पेजेची हलकी खळ द्यायची. टीप काकूंची आणि धागे ओढायचं काम भाऊंचं. दोघं पडवीत समोरासमोर बसून भांडत भांडत ते काम करायची. मी इकडून ऐकायचे. बहुतेक भांडण भाऊ धागा जोरात ओढतात यावरूनच असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आले. आत पिसं होती. रेशमी, लांब, निमुळती. इकडून बघितलं तर डाळिंबी, तिकडून तपकिरी, आणि कडांचे धागे श्वासानंही हलत होते. मी खोडी काढली. म्हटलं, भाऊ, रेशमाच्या किड्यांना विचारलंत काय?

"तो निकाल जुना हाय," भाऊ म्हणाले. "त्याच्यावर आता अपील चालत नाय. पण झालेलं वाया घालवू नये."

रेशीम कुठून आणलंत विचारलं, तर "घरात होतं" म्हणून चालते झाले.

हळदीला प्रियांका अशी दिसली म्हणून सांगू. पिवळ्या साडीवर केसांच्या बटा, बटांमध्ये ती पिसं. ती नाचायला लागली आणि उन्हात मान वळवली, तशी पिसं डाळिंबीची तपकिरी आणि तपकिरीची डाळिंबी झाली. बायका विचारायला लागल्या, कोणाकडे केलंस गो? माझी पहिली नवरी जिंकली होती. आणि नेमकं तेव्हाच मला ते दुरंगी धूपछाँव रेशीम ओळखू आलं. माझ्या स्वतःच्या लग्नात ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. काकू त्या दिवशी त्यांचा लग्नातला शालू नेसल्या होत्या.

लग्न पार पडल्यावर मी डबा परत द्यायला गेले. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून लग्नघरचे बुंदीचे लाडू भरून नेले. तोवर त्या एका नवरीमुळे आणखी दोघींनी माझ्याकडे नाव नोंदवलं होतं. तेही सांगायचं होतं, आणि भाऊंना वाकून नमस्कार करायचा होता. भाऊ पडवीत बसले होते. यंत्रावर पुन्हा झाकण घातलेलं होतं, पण त्यावरची धूळ पुसलेली होती.

मी नमस्कार केला. मग राहवलं नाही.

"भाऊ, काकूंना विचारलंत काय?"

भाऊंनी जास्वंदीकडे बघितलं.

"विचारलं तर," ते म्हणाले. "कात्री लावायच्या आधी कडेचा एक धागा ओढून बघितला. अगदी हळू. तिला आवडायचं तसा." मग डबा जवळ घेत म्हणाले, "सहज आला."

माझे डोळे भरून आले. या माणसानं माझ्यासाठी काय दिलं होतं, ते मला तेव्हा पुरतं कळलं, आणि त्याची फेड बुंदीच्या लाडवांनी होणार नव्हती. मी तसं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात भाऊंनी डब्यातला एक लाडू उचलला आणि कोणालाच काही न विचारता घाईघाईनं तोंडात कोंबला, म्हणजे मग बोलायला नको.